भोंगा बंद आहे

९ जून, रविवार

आबांनी किल्ली माझ्या हातात दिली. स्वतःहून! सासूबाई बघतच राहिल्या.

भागोजी आबा उद्या महाडला जाणार. डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचाय, मग काही दिवस तिथंच लेकीकडे, सोनालीताईकडे राहतील. तोवर देवळातलं मशीन कोण बघणार? मशीन म्हणजे भोंग्याचं मशीन. त्याला ॲम्प्लिफायर म्हणतात हे मला माहीत आहे, पण पायरवाडीत तसं कोणी म्हणत नाही. देवळाच्या कपाटात मशीन, बाहेर खांबावर दोन भोंगे — एकाचं तोंड वरच्या आळीकडे, एकाचं वहाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे. रोज संध्याकाळी आबा त्यावरून बोलतात. रेशन आलंय. उद्या एसटी येणार नाही. अमक्याची म्हैस सुटली आहे. आणि पावसाळ्यात — मी सांगितलं की सगळं टाकून शाळेत या.

तळीयेला दरड पडली तेव्हा आबा मदतीला गेले होते. तिथं काय पाहिलं ते कधी कोणाला बोलले नाहीत. परत आले आणि मुंबईच्या मंडळाला फोनवर फोन — आपल्या वाडीला भोंगा पायजे, देवळाला रंग नंतर द्या. म्हणून हा भोंगा आला. म्हणून ते किल्ली करगोट्याला बांधून फिरतात.

"बटण दाबायचं, बोलायचं, बटण बंद करायचं. बाकी कशाला हात लावू नको गो पोरी."

हो म्हटलं.

१० जून

आज भोंग्यावरून बोलले. "उद्या अंगणवाडीत बाळांची वजनं आहेत, सगळ्या आयांनी यावं." एवढंच! बाईचा आवाज भोंग्यावरून पहिल्यांदाच गेला म्हणे.

मी अंगणवाडीत सेविका, अंगणवाडी देवळाला लागून, म्हणून मला दिली असणार किल्ली. सासूबाई म्हणाल्या, "बिरवाडीची शिकलेली म्हणून दिली. आता मिरवत बसू नको."

थोडी मिरवले. इथे लिहायला काय हरकत आहे?

११ जून

वजनं झाली. ठकूबाई पाणी प्यायला टेकली. ती वहाळापलीकडे एकटी राहते, दोन शेळ्या आणि ती. मी विचारलं, काल माझं बोलणं ऐकू आलं का?

"आवाज आला. काय बोललीस ता काय कळला नाय. आबाचा पण नाय कळत आताशा. नुसती खरखर. मी आपली पावसात भोंगा वाजला की निघते. शब्दाची वाट बघत नाय."

मला हसू आलं. मग नाही आलं. पाऊस तोंडावर आलाय. कोणी शब्दाची वाट बघत थांबला तर?

दुपारी कपाट नीट उघडून बघितलं. बाप रे! मशीनवर बोटभर धूळ. वरच्या जाळीत शिमग्याचा गुलाल, त्यावर समईच्या तेलाची काजळी — सगळं मिळून लाल चिकट लेप. बाजूला पालीची अंडी. माइकच्या जाळीत तंबाखूची पूड अडकलेली, तोंडाजवळ धरला की आबाच समोर उभे राहिल्यासारखे. आवाजाची खुंटी फिरवली की खर्र खर्र.

घरी येऊन मोबाइलवर बघितलं. एक माणूस छान सांगतो. मशीन बंद करा. वायर भिंतीतून काढा. लगेच हात घालू नका, थोडं थांबा. मऊ कोरडा ब्रश. हवा मारायची तर लांबून, हळू. ओलं काही थेट मशीनवर मारू नका — कापडावर घ्या, कापड पिळून घ्या, आणि पूर्ण वाळल्याशिवाय चालू करू नका.

हे तर मला जमेल. आबा आले की चकित होतील.

१२ जून, बुधवार

लिहू की नको.

लिहिते. दुसरीकडे कुठे सांगणार?

पोरं घरी गेल्यावर देवळात गेले. सगळं सांगितल्यासारखं केलं. बंद केलं, वायर काढली, थांबले. नवा रंगाचा ब्रश होता, त्याने वरून धूळ काढली. सायकलच्या पंपाने लांबून हवा मारली. पालीची अंडी उचलून बाहेर टाकली. माइकचा स्पंज काढून धुतला, उन्हात ठेवला. खुंट्यांच्या भोवतीचा मळ कोरड्या ब्रशने काढला. पाट्या वाचता यायला लागल्या! इतकं बरं वाटत होतं.

फक्त तो गुलालाचा लेप निघेना. ब्रशने पसरला नुसता. फडक्याचं टोक जाळीच्या आत पोचेना. अंगणवाडीत काच पुसायचं निळं पाणी आहे, फवाऱ्याची बाटली. ती आणली. आधी फडक्यावर मारलं. मग — मग एकदा जाळीवरच मारलं. लेप विरघळून लाल पाणी झालं, आत गेलं. किती सहज निघतंय म्हणून आणखी मारलं. आणखी मारलं.

मला माहीत नव्हतं असं नाही! ऐकलं होतं. तो भाग परत मागे नेऊन दोनदा ऐकला होता.

वरून पुसलं. कोरडं दिसलं. आवाज स्वच्छ झाला का ते ऐकायची घाई झाली मला. वायर लावली, बटण दाबलं.

फट्.

लाल दिवा लागला तसा गेला. जळल्याचा वास. वायर ओढून काढली, तिथंच खाली बसले. पुन्हा लावायची हिंमत झाली नाही. मग लावली. काही नाही. दिवाच नाही.

कपाट लावलं. किल्ली पदराला. वास जावा म्हणून उदबत्ती लावली. देवासमोर लावली आणि देवाकडे बघितलं नाही.

१३ जून

"आज भोंगा वाजला नाय?" सासूबाई.

"काही निरोप नव्हता."

१५ जून

सोनालीताईचा फोन. आबांचा डोळा छान झाला, उद्या येतात. आबांनी फोन घेतला. "मशीन बरी हाय ना गो?"

"हो आबा."

आल्यावर समोरासमोर सांगेन. फोनवर कसं सांगायचं?

१६ जून, रविवार

आबा आले. काळा चष्मा, हातात औषधाची पिशवी. घरी न जाता आधी देवळात! मी पोरीचे केस विंचरत होते, तशीच कंगवा घेऊन धावले. सांगणार होते. खरंच सांगणार होते. पण देवळात आधीच सात-आठ माणसं, आबांचा डोळा बघायला जमलेली. आबांनी माझ्याकडून किल्ली घेतली, कपाट उघडलं, हात फिरवला. "अरे! कोणी पुसली एवढी? लख्ख केलीस की!"

सगळे माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने.

आबांनी वायर चाचपडत लावली. चष्म्यामुळे पहिल्यांदा भलत्याच भोकात घातली, मग बरोबर. बटण दाबलं. पुन्हा दाबलं. माइकवर टकटक केलं.

"लाइट हाय ना रे?" पंखा फिरत होता.

आबांनी वास घेतला. तोंड उतरलं. दीपेश पुढे झाला — दीपेश म्हणजे पाटलांचा मुलगा, नालासोपाऱ्याला होता, आता गावातच असतो. त्याने नाक जाळीला लावलं. "आबा, जळली. बोर्ड गेला. तुम्ही उलटी वायर घातलीत ना आता, बघितलं मी."

"उलटी कशी घालीन?"

"दिसत नाय तुम्हाला नीट. डॉक्टरने आराम सांगितला असेल ना?"

मग आबा वळले. काळ्या चष्म्यातून मला डोळे दिसत नव्हते. "दीप्ती, तू होतीस तवा चालत व्हती ना?"

सगळे बघत होते. हातात कंगवा तसाच.

"चालत होतं आबा."

१७ जून

चालत होतं आबा. चालत होतं आबा. चालत होतं आबा.

१८ जून

गावकीची बैठक. बायका बाहेर ओट्यावर. आतलं ऐकू येत होतं. आबांनी मशीन जाळली असं कोणी म्हणालं नाही. "वय झालं", "डोळा कच्चा", "आता आराम करा" — असंच सगळं. मशीन दुरुस्त करायचं का, तर दीपेश म्हणाला जुन्यात पैसे कशाला घालता, मंडळाने गणपतीत नवीन डिजिटल सेट कबूल केलाय. तोवर निरोप व्हॉट्सॲपवर.

कोणी तरी म्हणालं, पावसात रेंज जाते. दीपेश म्हणाला, मी घरोघर सांगेन ना.

आबा उठले आणि करगोट्याची गाठ सोडायला लागले. गाठ सुटेना. सगळे बघत होते. शेवटी दीपेशनेच वाकून सोडवली.

मी ओट्यावरून उठून घरी आले.

१९ जून

सासूबाईंनी माशाचं कालवण केलं. मला उतरेना. "डोहाळे लागले का काय?" म्हणाल्या.

२३ जून, रविवार

अनिलचा फोन. नवरा मुंबईत कँटीनला असतो, रविवारी निवांत बोलतो. मी म्हटलं, एक सांगायचंय. तो म्हणाला, बोल. मी म्हटलं, छतावर ताडपत्री टाकायला हवी. तो म्हणाला, एवढंच? मला वाटलं काय झालं.

आज टीव्ही कोरड्या ब्रशने साफ केला. मग रेडिओ. मग अंगणवाडीतल्या मुलांच्या गाण्यांचा स्पीकर. सगळ्यांच्या वायरी आधी काढल्या, थांबले, लांबून हवा. एक थेंब पाणी नाही. सगळं चालतं. सगळं छान चालतं! काय उपयोग?

२७ जून

आबा रोज संध्याकाळी देवळाच्या पायरीवर येऊन बसतात. ठरलेल्या वेळेला. काही करत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला निरोप सांगतात — "रेशन शनिवारी हाय हां." लोक म्हणतात, माहीत हाय आबा, मोबाइलवर आला.

आज मला म्हणाले, "माझ्याच हातानं झाला. त्या दिवशी सुई कुठं, भोक कुठं, काय दिसत नव्हता. उगाच घाई केली."

मी शेजारी बसले होते. हाताच्या अंतरावर. तोंड उघडलं. "चहा घेता का आबा?" निघालं.

४ जुलै

लावणी सुरू. पाठ मोडून आली. बरं वाटतं, चिखलात असलं की डोकं बंद राहतं.

११ जुलै

ठरवलं होतं आज सांगायचं. आबांच्या घरी गेले. ते झोपले होते. तोंड उघडं, चष्मा छातीवर. उठवावं का? नको, म्हातारं माणूस झोपलंय.

खोटं. त्यांचा डोळा लागला होता याचा मला आनंद झाला.

१८ जुलै

पाऊस थांबत नाही. भिंतीला ओल. रेंज जाते-येते. आज पोरांना सुट्टी दिली.

संध्याकाळी दीपेश आबांना म्हणत होता, "आबा, तुम्ही नका घाबरवू लोकांना, मेसेज आला की मी आहे ना." आबा निघून गेले. पूर्वी ते दीपेशला कान धरून ओट्यावरून खाली उतरवत.

२३ जुलै, मंगळवार

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते. नीट लिहायचं आहे.

काल दुपारी जेवणं चालली होती. तलाठ्यांचा फोन दीपेशला लागला — तोही मध्येच तुटला — वरच्या आळीतल्यांना आणि डोंगराच्या पायथ्याच्यांना लगेच शाळेत हलवा. बाहेर एवढा अंधार की दिवे लावले होते. पावसाचा आवाज असा की शेजारच्या घरात हाक जात नव्हती. दीपेश वरच्या आळीत पळाला. जाताना आमच्या दारात ओरडून गेला, "वहिनी, खालची आळी तुम्ही बघा!"

मी दार-दार केलं. कोणी लगेच निघालं, कोणी म्हणालं, भात उतरवून येतो. एका घरात तर दार आतून लावून झोपलेले, मी दगडाने दार वाजवलं. भोंग्याचा एक आवाज पुरला असता या सगळ्याला! एक आवाज. प्रत्येक दाराला तेच मनात येत होतं.

शाळेत सगळी माणसं जमली. पोरं रडतायत, बायका भिजलेल्या. दीपेश नावं घेऊन बघत होता. ठकूबाई?

कोणी तिकडे गेलंच नव्हतं. मला वाटलं दीपेशच्या वाटेवर आहे, त्याला वाटलं माझ्या.

मग कोणी तरी म्हणालं, आबा पण दिसत नाहीत.

माणसं दोर घेऊन वहाळाकडे गेली. मी मागोमाग. तेवढ्यात वर मोठा आवाज झाला — मेघगर्जना नव्हे, जमिनीतून आलेला. पलीकडचा उतार लाल झाला. ठकूबाईचा गोठा जिथे होता तिथे माती होती. घराची मागची भिंत गेली होती, पुढचं दार उभं.

ती दोघं वहाळाच्या अलीकडे सापडली. फणसाच्या बुंध्याला टेकून. ठकूबाईने आपलं इरलं आबांवर धरलं होतं, स्वतः भिजत होती. आबा तिला घेऊन वहाळ उतरून आले आणि अलीकडच्या दगडावर घसरले. उठताच येईना. ती ओरडत होती म्हणे, केव्हाची. कोणाला ऐकू जाणार?

"मी भोंग्याची वाट बघत बसलेली," ठकूबाई सारखं तेच सांगत होती. "भोंगा वाजला की मी निघते ना. वाजलाच नाय. हा म्हातारा दारात येऊन उभा राहिला. म्हणतो, मीच भोंगा, चल."

आबांना चादरीची डोली करून रस्त्यापर्यंत नेलं. मी एक टोक धरलं होतं. आबा मध्येच म्हणाले, "सगळी आली का शाळेत?"

सगळी आली. शेळ्या गेल्या. माणूस एकही गेलं नाही.

आबांच्या जागी मी का गेले नाही तिकडे? दीपेशने खालची आळी सांगितली म्हणून. वहाळापलीकडे असलं तरी ठकूबाईचं घर खालच्या आळीतलंच नाही का? आहे.

२४ जुलै

पोलादपूरहून आबांना महाडला हलवलं. खुब्याचं हाड मोडलंय. ऑपरेशन.

सासूबाई म्हणाल्या, "म्हाताऱ्यानं स्वतःच मशीन जाळली आणि स्वतःच भोगला."

मी म्हटलं, "असं बोलू नका." इतकी मोठ्याने की पोरगी दचकली.

२६ जुलै

ऑपरेशन झालं. चालता येईल का ते आत्ता सांगत नाहीत.

२८ जुलै, रविवार

सांगितलं.

एसटीने महाडला गेले. सोनालीताई होती, म्हणाली बरं झालं आलीस, मी घरून भात घेऊन येते, तोवर बस. ती गेली. शेजारच्या खाटेवरचा माणूस भिंतीकडे तोंड करून होता. आता नाही तर कधीच नाही.

आबांचा चष्मा आता नसतो. डोळा स्वच्छ झालाय. सरळ माझ्याकडे बघत होते. त्याने जास्त अवघड झालं.

"आबा, मशीन मी जाळलं. तुम्ही यायच्या आधी. पाणी मारलं आत. चालत होतं म्हटलं ते खोटं."

एका दमात. मग रडू आलं, आणि रडू आलं याचाही राग आला. रडायचं मी, आणि समजूत काढायची त्यांनी?

आबा सलाइनच्या नळीकडे बघत राहिले.

"मी तुला इचारला व्हता," शेवटी म्हणाले.

"हो."

"सगळ्यांसमोर इचारला व्हता."

"हो आबा."

"मला वाटायला लागला, माझी अक्कल गेली. रात दिस तेच. कुठली वायर, कुठला भोक. घरात दिव्याचं बटण दाबताना पण हात कापायचा माझा."

पाय धरावेत तर पायाला वजन बांधलेलं.

मग त्यांनी हात उचलला, माझ्या डोक्यावर नाही, खाटेच्या दांड्यावर ठेवला. "जाऊ दे. तवाच खरा सांगितला असतास तरी काय? जळलेली मशीन काय बोलणार व्हती? त्या दिवशी मला जायलाच लागला असता. माझी नाचक्की टळली असती, एवढाच. पाय काय तुझ्यामुळं मोडला नाय."

"आबा—"

"गावात सांग मात्र. माझ्यासाठी नाय. माझी सोनाली जावयाला सांगते की बाबांनी जाळली."

सोनालीताई भात घेऊन आली. आबांनी मला पण वाढायला लावलं. जेवले मी. खरंच जेवले. परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकलं आणि झोप लागली, पोलादपूर आलं तरी जाग नाही. कंडक्टरने उठवलं.

पाय तुझ्यामुळं मोडला नाय. असं म्हणाले ते.

४ ऑगस्ट, रविवार

गावकीत सांगितलं. आत जाऊन. उभी राहून.

वाटलं होतं आरडाओरडा होईल. झालं काहीच नाही. दीपेश खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "मी बोललो त्यांना दिसत नाय म्हणून. सगळ्यांसमोर बोललो." एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, चांगलं करायला गेली पोरगी. ते ऐकवेना मला. मशीन पुसलं ते चांगलं करायला, खोटं बोलले तेही का चांगलं करायला?

ठकूबाई बायकांत बसली होती. आता ती शाळेच्या खोलीत राहते. उठून माझ्यापाशी आली. मला वाटलं मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "माझ्या शेळ्या गो." एवढंच. आणि जाऊन बसली.

सासूबाईंनी घरी आल्यावर ताट वाढलं, पुढे सरकवलं. अनिलला फोन केला. तो म्हणाला, त्या दिवशी ताडपत्रीचं नव्हतं ना सांगायचं तुला? मी म्हटलं, नाही.

मी सगळ्यांना म्हटलं, मशीन महाडला दाखवते. गणपतीला अजून वेळ आहे, पाऊस संपलेला नाही. दीपेश म्हणाला, बोर्ड जळलाय वहिनी, उगाच हेलपाटा. पण मशीन पोत्यात बांधून त्यानेच रस्त्यापर्यंत आणून द्यायचं कबूल केलं.

५ ऑगस्ट

महाडच्या स्टँडजवळ विनीत म्हणून एकाचं दुरुस्तीचं दुकान आहे. मशीन टेबलावर ठेवलं. काय झालं विचारलं. सगळं सांगितलं, निळ्या पाण्यासकट. आता सांगणं जमतं मला.

तो आधी चालू करून बघेल असं वाटलं होतं. नाही केलं. स्क्रू काढून झाकण उघडलं. आत अजून लाल डाग वाळलेले. "आधी साफ करू, मग बघू," म्हणाला. मऊ ब्रश, आणि कसलंसं लगेच उडून जाणारं द्रावण, थेंबथेंब, ब्रशला लावून. गुलाल किती हलक्या हाताने निघत होता! मी बघत राहिले. खुंटीच्या आतही काही घातलं आणि ती उजवीकडे-डावीकडे फिरवत राहिला.

दुसरी गिऱ्हाइकं आली. "उद्या या ताई. काय जळलंय ते बघून ठेवतो."

आज बिरवाडीला, माहेरी राहिले. आईला सांगितलं, दवाखान्यात आबांना बघायला आले होते.

हे पण खोटंच की. सकाळी तिला खरं सांगेन.

६ ऑगस्ट

फ्यूज. फक्त फ्यूज उडाली होती.

विनीतने मशीनच्या मागचं एक टोपण फिरवून काचेची बारीक नळी काढून दाखवली. आत काळी पडलेली. "ओलं असताना चालू केलंत, हिने स्वतः जळून मशीन वाचवलं. आत काहीच गेलेलं नाही. त्याच आठवड्यात आणलं असतंत तरी उभ्या उभ्या दिलं असतं." नवी घातली, बटण दाबलं. लाल दिवा. माइकवर हॅलो म्हणाला — रस्त्यावरची माणसं वळून बघायला लागली, इतका स्वच्छ आवाज.

मशीन मांडीवर घेऊन स्टँडवर बसले आहे. जळलेली मशीन काय बोलणार व्हती, असं म्हणून आबांनी मला सोडून दिलं. ती बोलली असती. ठकूबाई पहिल्या आवाजाला निघाली असती. आबा देवळात कोरडे बसून सगळ्यांना हाका मारत राहिले असते.

पोलादपूरची गाडी लागली. सुटली.

मी चढले नाही. दवाखान्यात आबांना भेटायची वेळ चारची आहे.